हजेरी

मंडळी, गेल्या अंकात निरोप घेताना मी लिहिलं होतं, "एक बातमी आहे, पण पक्की झाल्यावर सांगेन." त्यानंतर जे फोन आले, त्यांवरून आपल्या मंडळाच्या कल्पनाशक्तीला दाद द्यायलाच हवी. दोघींनी "आजी होणार का गं?" म्हणून विचारलं. एका काकांनी तर "घर विकून फ्लॉरिडाला चाललात ना, मला सगळं कळलंय," असं परस्पर ठरवूनच टाकलं. तर तसं काही नाही. बातमी एवढीच, की ५५ व्या वर्षी मी मास्तरीण होते आहे. दक्षिण न्यू जर्सीतल्या शेतीच्या पट्ट्यातल्या एका शाळेत, इयत्ता आठवी, विषय गणित.

थोडा पूर्वेतिहास सांगते. १९९५ मध्ये या देशात आले आणि पुढे २२ वर्षं एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलं. २०२३ मध्ये आमचा अख्खा विभाग पुण्याला हलला. म्हणजे बघा, मी महाराष्ट्रातून अमेरिकेत आले आणि माझं काम अमेरिकेतून महाराष्ट्रात गेलं. फिट्टंफाट! घरी बसून लोणची घालत राहण्याचा स्वभाव नाही, म्हणून बदली शिक्षिका म्हणून जाऊ लागले. कुणी शिक्षक आजारी पडला की मी त्या दिवसापुरती कधी विज्ञानाची, कधी इतिहासाची आणि एकदा तर चक्क बँडची बाई. त्यात जीव रमला. न्यू जर्सीत बी. एड. न केलेल्यांसाठी शिक्षक होण्याची एक आडवाट १९८५ पासून आहे. विषयाची परीक्षा द्यायची, ५० तासांचा प्राथमिक अभ्यासक्रम करायचा, आणि नोकरी मिळाली की शिकवता शिकवता उरलेलं शिक्षण पुरं करायचं. तसं सगळं केलं आणि यंदा, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, नोकरीचं पत्र आलं. शाळा 'लेबर डे' नंतर सुरू.

नवरा खूश, मुलगी खूश. मी मात्र रात्री दोन वाजता टक्क जागी. बदली शिक्षिका म्हणजे वर्गातली पाहुणी. तिनं काही चुकवलं तरी दुसऱ्या दिवशी खरा शिक्षक येऊन निस्तरतो. आता निस्तरायला कुणी येणार नव्हतं. वर्ग माझा, मुलं माझी. तेव्हा ठरवलं, की ऑगस्टमध्ये गाडी काढायची आणि ज्यांनी हे काम केलं आहे अशा आपल्या माणसांकडे जाऊन यायचं. पिट्सबर्गची एक मैत्रीण, मिशिगनची एक मैत्रीण, आणि शिकागोजवळ नेपरव्हिलला मुलाकडे आलेले माझे शाळेतले गणिताचे सर. सर आलेत हे गावच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर कळलं होतं. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले, थंडीच्या आत परत जाणारे.

"हे सगळं फोनवर विचारता येत नाही का?" नवऱ्यानं विचारलं. त्याला रजा नव्हती, आणि बायको एकटी एवढी गाडी हाकणार या कल्पनेनं त्याचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, "काही गोष्टी पोहे खाता खाताच विचारता येतात."

झालं. डिकीत चकलीचा डबा, चिवडा, गाडीत टायर तपासायचं यंत्र (हे नवऱ्याचं प्रेम), आणि मी पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइकला लागले. हा रस्ता १९४० मध्ये सुरू झाला. डोंगर पोखरून काढलेले चार बोगदे वाटेत लागतात, आणि प्रत्येक बोगद्यात शिरताना मला खंडाळा आठवतो. पूर्वी टोलनाक्यावर कुणीतरी "हॅव अ नाइस डे" म्हणायचं. २०२० पासून तिथे माणूसच नाही, कॅमेरा नंबरपाटीचा फोटो घेतो आणि बिल घरी येतं. एकट्या बाईला वाटेत एक शब्द बोलायला मिळायचा, तोही गेला.

पिट्सबर्गची मैत्रीण रत्नागिरीकडची. सकाळी दडपे पोहे, वर खोवलेलं ओलं खोबरं. (ओलं म्हणजे फ्रीजरमधलं, पण तिच्या हाताला चव आहे.) २००८ मध्ये ती एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायला लागली आणि एक वर्ष पुरं करून सोडून आली. याविषयी ती कधी फारसं बोलत नसे. मी थेटच विचारलं, "का गं सोडलंस?"

"मुलं त्रास देत होती, असं मी सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली. "ते काही अगदी खोटं नाही. पण खरं ऐकायचंय?" मग तिनं सांगितलं ते असं. पाच वर्ग, १४० मुलं. नावं तऱ्हेतऱ्हेची: पोलिश, इटालियन, व्हिएतनामी, आफ्रिकी. पहिल्याच आठवड्यात एका मुलाचं नाव तिनं चुकीचं उच्चारलं आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून तिनं नावं घेणंच बंद केलं. "यू, इन द ब्लू शर्ट" असं करून वर्ष काढलं. बसण्याचा तक्ता समोर ठेवायचा, त्यावर बघून हजेरी मांडायची, तोंडानं नाव घ्यायचं नाही. शेवटच्या दिवशी एक मुलगा वार्षिक अंकावर तिची सही घ्यायला आला. सहीच्या वर दोन ओळी लिहाव्या म्हणून ती म्हणाली, "तुझं नाव जरा लिहून दाखव हं." त्यानं लिहिलं, तिनं सही केली. जाताना तो म्हणाला, "मी वर्षभर पहिल्या रांगेत बसायचो, मॅम."

"रागावला नव्हता गं तो," मैत्रीण म्हणाली. "नुसतं सांगितलंन. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहिला."

आपल्या नावांची इथे जी काही मोडतोड होते त्यावर आपण मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात विनोद करतो. मीही केलेत. दुसऱ्याच्या लेकराचं नाव घेण्याची पाळी आपल्यावर आली की आपलंही काय होतं, ते त्या दिवशी कळलं. दुपारी तिच्याबरोबर पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराला जाऊन आले. तिथल्या उपाहारगृहातला चिंचेचा भात खाताना ती एकदम म्हणाली, "तू नावं पाठ कर. बाकीचं सगळं होतं मागनं."

दुसऱ्या दिवशी सुमारे ४०० मैल. ओहायो टर्नपाइक म्हणजे एक न संपणारी सरळ रेघ. मका, सोयाबीन, पुन्हा मका. इंडियानात शिरल्यावर उत्तरेला वळायचं आणि मिशिगन. कलामाझूच्या पश्चिमेला, थेट मिशिगन सरोवरापर्यंत फळांचा पट्टा आहे. सरोवरामुळे हवा फार कडक होत नाही, म्हणून तिथे ब्लूबेरी, चेरी, पीच, सफरचंद, द्राक्षं, सगळं पिकतं. ही माझी मैत्रीण नागपूरची. तेव्हाच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, इंजिनिअरिंगला असताना आमची एक खोली होती. गेली १८ वर्षं ती तिथल्या शाळेत शिकवते आहे. दारातच "बाप्पा! एकटीच गाडी चालवून राहिली तू?" असं म्हणून तिनं मिठी मारली आणि सकाळी तर्री-पोहे समोर ठेवले. माझ्या डोळ्यांतून आलेल्या पाण्यात प्रेम किती आणि तर्री किती, ते सांगता येत नाही.

तिला मी विचारलं, "पहिल्या दिवशी काय करू?" ती म्हणाली, "ते उद्या. आज माझ्यासोबत चल."

तिनं मला ब्लूबेरीच्या शेतावर नेलं. ऑगस्ट म्हणजे तिथे ऐन हंगाम. बरंचसं पीक आता यंत्रानं झोडतात, पण दुकानात ताजी जायची ती फळं अजून हातानं खुडतात. कमरेला बादली बांधलेली माणसं ओळीनं झुडपांतून सरकत होती. शेताच्या कडेला मजुरांच्या खोल्यांची चाळ. यांतली पुष्कळशी कुटुंबं हिवाळा फ्लॉरिडात किंवा टेक्ससमध्ये काढतात आणि पीक जसं तयार होतं तशी उत्तरेला सरकतात. मिशिगनात ब्लूबेरी, मग सफरचंद. ऑक्टोबरअखेर सफरचंद संपलं की गाड्या भरायच्या आणि दक्षिणेला. मुलं अर्थात बरोबर. म्हणजे ही मुलं मैत्रिणीच्या वर्गात सप्टेंबरमध्ये येतात आणि समीकरणं अर्धी झाली असताना निघून जातात.

अशा मुलांसाठी केंद्र सरकारची एक योजना १९६६ पासून आहे. शेती किंवा मासेमारीच्या कामासाठी गेल्या ३६ महिन्यांत जे कुटुंब एका भागातून दुसऱ्या भागात गेलं, त्यातल्या ३ ते २१ वर्षांच्या मुलांना तिचा आधार मिळतो. उन्हाळी वर्ग चालतात, आणि एका राज्यातल्या शाळेतली माहिती दुसऱ्या राज्यातल्या शाळेला संगणकावर पाहता येते. २०२५ च्या जुलैत वॉशिंग्टननं या योजनेचे पैसे काही आठवडे अडकवून ठेवले आणि महिनाअखेर सोडले, तेव्हा मैत्रिणीची झोप उडाली होती. शिवाय यंदा धाडींची भीती. "काही घरची लेकरं बसपर्यंत यायले पण घाबरतात," ती म्हणाली. शाळेत पहिल्या दहा मिनिटांत संगणकावर हजेरी भरायची. जो नाही त्याच्या घरी यंत्र आपोआप फोन करतं. फोनवर ध्वनिमुद्रित बाई बोलते. तो फोन कुणी उचलत नाही, आणि उचलला तरी यंत्राला उलट काय सांगणार?

मग तिनं पिशवीतून कागद काढले. तिचं स्वतःचं एक पान असतं. मूल जायच्या आधल्या दिवशी ती ते त्याच्या हातात देते. वर मुलाचं नाव आणि त्याचा उच्चार. खाली गणितात कुठपर्यंत आलो, काय राहिलं, कुठे अडतं, कशात हुशार आहे. एका बाजूला इंग्रजी, मागे स्पॅनिश. शेवटी तिचा फोन नंबर. "संगणकात सगळं असते," ती म्हणाली, "पण पुढच्या मास्तरनं ते उघडून पाहिलं पाहिजे ना! हे पान लेकरू स्वतः नेऊन देते."

आम्ही बोलत होतो तेव्हा चाळीच्या पायरीवर एक बारा-तेरा वर्षांची मुलगी कडेवर लहान भाऊ घेऊन बसली होती. मैत्रिणीनं तिला नावानं हाक मारली आणि ती हसली. मी तिच्याकडे बघत राहिले, आणि मला एकदम आमच्या वर्गातली १७ नंबर आठवली.

इथे मला गावी जायला हवं. माझं बालपण बीड जिल्ह्यात गेलं. वडील तलाठी होते. १९८३ मध्ये मी आठवीत होते, हजेरीत माझा नंबर १६. शेजारी १७. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. दसरा झाला की आमचा वर्ग रिकामा होऊ लागे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांना 'उचल' म्हणतात. ती फेडायला गावची माणसं ट्रक भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकटं माणूस गेलं तर तो अर्धा कोयता. उसाच्या पाचटाच्या कोप्यांत राहायचं, पहाटे फडात उतरायचं आणि उन्हाळ्यात गावी परतायचं. लेकरं बरोबर असत, कारण मागे सांभाळायला कुणी नसे.

१७ नंबर माझ्याहून गणितात कितीतरी पुढे होती. पावकी, निमकी, पाऊणकी सगळी तोंडपाठ. मुकादमाच्या वहीतला बापाचा हिशेब ती चुलीसमोर बसून तोंडी तपासायची आणि चूक सापडली की बापाला सांगायची. बाप ती चूक मुकादमाला सांगत नसे, ही गोष्ट वेगळी. त्या वर्षी जाताना ती मला म्हणाली, "माझा नंबर धरून ठेव. मी आले की बसंन."

दुसऱ्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. "सोळा." "हजर." "सतरा." मी पुन्हा ओरडले, "हजर!" वर्ग हसला. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, वहीत खूण केली. मला वाटलं, आपण मैत्रिणीचा नंबर धरून ठेवला. मग ते रोजचंच झालं. पुढे पुढे कुणी हसेनासं झालं. मे महिन्यात गाड्या परत आल्या, पण ती वर्गात आली नाही. तिकडेच तिचं लग्न लावून दिलं होतं. एक नवा कोयता तयार झाला होता.

ही गोष्ट मी ४२ वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

कलामाझूहून शिकागोला जाताना इंडियानाच्या हद्दीत शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं. फुकटचा एक तास मिळतो. त्या तासात मी रस्त्यालगतच्या एका विश्रांतिस्थळावर गाडी लावून नुसती बसून राहिले. सरांना काय विचारायचं ते मला अजून ठरवता येत नव्हतं.

नेपरव्हिलच्या घरी सरांच्या सूनबाईंनी सुशीला केला होता. मराठवाड्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगते: भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, शेंगदाण्याचं कूट घातलेला हा आमचा नाश्ता. तिसऱ्या घरी पोहे चुकले, पण घर मात्र भेटलं. सर आता ८२ वर्षांचे आहेत. ऑगस्टच्या उन्हात स्वेटर, पायांत मुलानं घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट. वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण ओळख पटेना. मी वडिलांचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. शेवटी म्हटलं, "सर, आठवी, सोळा नंबर."

"सोळा?" ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे सतराच्या शेजारची."

चहा आला. काकूंनी साखर घातली, मी ढवळत बसले. सर म्हणाले, "तू मास्तरीण व्हायलीस म्हणं. कितवीला?" मी म्हटलं, "आठवीलाच." ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग आपणहूनच बोलू लागले.

"तू हजर म्हणायचीस अन् मी लावायचो. तुला वाटत असंल, सरांना कळंना. कळत होतं की. तू नसती म्हणालीस तरी मी लावणारच होतो. तिचीच नाही, सगळ्यांची. पट कमी दिसला की तुकडी जायची, तुकडी गेली की एक शिक्षक जायचा. हिवाळ्यात तपासणी यायची. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मार्चपर्यंत हजर लिहिली तिला. जून उजाडला, तवा एका ओळीत 'सतत गैरहजर, नाव कमी केले' लिहिलं अन् मोकळा झालो."

मी काहीच बोलले नाही.

"२००१ ला माझ्या निवृत्तीच्या वर्षी ती शाळेत आली," सर म्हणाले. "जन्मतारखेसाठी दाखला पाहिजे होता. मी लिहून दिला. तिनं तिथंच उभ्या उभ्या वाचला. वाचायला यायचं की तिला. दाखल्यावर खाली रकाना असतोय, शाळा सोडल्याचं कारण. तिथं 'सतत गैरहजर'. ती हसली. म्हणली, सर, तुम्ही तर मला हजर लावीत होता म्हणं, आमची सोळा नंबर सांगत होती."

म्हणजे मी तिला ते सांगितलं होतं. कधी, कुठे, मला काही आठवेना. मग आठवलं. नववीच्या सुट्टीत आमच्या गावच्या जत्रेत ती हिरव्या चुड्यात भेटली होती, आणि मी मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं, "तुझा नंबर मी शेवटपर्यंत धरून ठेवला होता."

"रागं भरली असती तर बरं झालं असतं," सर म्हणाले. "लेकरा, कागदावर ती हजर होती. मग तिला शोधायला कोण जाणार? गैरहजर लिहिलं असतं तर निदान कुणीतरी विचारलं असतं, का येईना म्हणून. मलाच विचारावं लागलं असतं. तिच्या बापाला धरून बसवता आलं असतं, पोरीला माझ्या घरी ठेव म्हणता आलं असतं. काकू तयार होती."

काकू चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "होतेच की मी."

पुढे कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावोगावी हंगामी वसतिगृहं सुरू झाली, म्हणजे आईबाप गेले तरी लेकरू गावातच राहून शिकावं म्हणून. २००९ मध्ये शिक्षणहक्काचा कायदा झाला. सगळीकडे सगळं नीट झालं असं नाही, आजही दसऱ्यानंतर गाड्या निघतात. पण त्या सोयी तरी झाल्या, कारण कुणीतरी या लेकरांना 'इथे नाहीत' असं लिहिलं आणि मोजलं.

मी पर्समधून मिशिगनच्या मैत्रिणीचं ते एक पान काढून सरांसमोर ठेवलं. इंग्रजी त्यांना येतं. भिंग लावून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, मग कागद पालटून स्पॅनिश बाजूही उगाच न्याहाळली. "एवढंच करायचं होतं," ते म्हणाले. "एक कागद. ती जाईल तिथं कुणीतरी वाचला असता." मग त्यांनी ते पान घडी घालून खिशात ठेवलं. मागायचं धैर्य मला झालं नाही, मैत्रिणीकडून दुसरं मागवलं.

निघताना सर दारापर्यंत आले. मी वाकले तसे म्हणाले, "शिकवायचं तुला येईल. पाऊणकी काय तुला कधी आली न्हाई, पण चालंल. हजेरी मातर नीट घे." आणि हसले. मीही हसले. गाडी वळेपर्यंत ते स्वेटर घालून उन्हात उभे होते.

तर मंडळी, हा मजकूर मी शाळा सुरू व्हायच्या तीन दिवस आधी लिहिते आहे. पहिल्या वर्गाची यादी हाती आली आहे, २६ नावं. निम्म्याहून अधिक स्पॅनिश. मी शाळेच्या समुपदेशक बाईंना फोन करून एकेका नावाचा उच्चार विचारला आणि तो देवनागरीत लिहून घेतला. स्पॅनिशमध्ये 'जे' अक्षराचा उच्चार 'ह' सारखा होतो, दोन 'एल' मिळून बहुधा 'य' होतो. इंग्रजीत वाचलं तर माझी जीभ हमखास घसरणार. आपल्या बाराखडीत लिहिलं की घसरायला जागाच नाही! कागद फ्रीजवर लावला आहे. पोळ्या लाटता लाटता मी तो मोठ्यानं वाचते, आणि नवरा दुसऱ्या खोलीतून "हजर" म्हणतो. पहिल्या दिवशी मी त्याला हसले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "तू म्हणू नकोस."

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा २ ऑक्टोबरचा दसरा होऊन गेलेला असेल. बीडकडे ट्रक भरू लागलेले असतील. इथेही शेतांतली कामं संपत येतील आणि एखाद्या सकाळी माझ्या वर्गातलं एखादं बाक रिकामं दिसेल. तेव्हा मी पहिल्या दहा मिनिटांत संगणकावर 'गैरहजर' असं लिहीन. यंत्र त्याचा फोन करील. आणि मधल्या सुट्टीत मी माझा करीन.

गावच्या गटावर मी १७ नंबरचा पत्ता विचारला आहे. अजून कुणाचं उत्तर नाही. आपल्यापैकी जे इथल्या शाळांतून शिकवतात किंवा शिकवत होते, त्यांनी मला जरूर लिहावं. संपादकांकडे माझा पत्ता आहे. पहिल्या महिन्याचा हिशेब पुढच्या अंकात.